पाठमोऱ्या बशा

यशवंतभाऊ जाधवांना तुम्ही खुशाल चहाला बोलवा. फक्त बशी नीट धुतलेली असू द्या. वरून नव्हे, खालून. कारण हा माणूस चहा संपवतो, मिशी पुसतो आणि भर बैठकीत बशी उलटी करून तिचं बूड वाचतो.

"चेहऱ्यावर जाऊ नका शेठ," ते मला सांगतात. (ते सगळ्यांनाच शेठ म्हणतात, माझं पासबुक त्यांनी पाहिलेलं नाही.) "कारखाना, गाव, सगळं पाठीवर छापलेलं असतं. माणसाची जात विचारू नये. बशीची विचारल्याशिवाय सोडू नये."

माझ्या पुतणीला बघायला कल्याणचे पाहुणे आले तेव्हा यशवंतभाऊ आमचा पंखा दुरुस्त करून स्टुलावरून उतरत होते. मुलाच्या मामांच्या हातात भरलेली कपबशी दिसली आणि भाऊंचा तोल गेला. त्यांनी मामांचं मनगट धरलं, कपबशीसकट हात वर नेला आणि खालून वाचायला लागले. मामांना वाटलं, ही भिवंडीकडची रीत असेल. त्यांनी मुलाला खूण केली. मुलानं बशी वर धरली, मुलाच्या आईनं धरली, आणि पाच मिनिटं आमच्याकडे सगळी मंडळी डोक्यावर कपबशा घेऊन उभी होती. चहा कुणाच्या कॉलरमध्ये गेला ते विचारू नका. लग्न मात्र तिथल्या तिथे जमलं. पुतणीचे सासरे अजून सांगतात, "घराणं जुन्या वळणाचं आहे."

भाऊ पेशाने लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, वायरमन. कारखान्यातल्या मोटारी बघायच्या, आणि उरलेल्या वेळात अख्ख्या आळीचे पंखे, मिक्सर, इस्त्र्या फुकटात. फी म्हणजे एक चहा, पण कपबशीतच. एकदा शेजारच्या भोईरांनी स्टीलच्या ग्लासातून दिला, तर त्यांच्या पंख्याला तीनपैकी दोनच पाती लावून भाऊ घरी गेले. तो पंखा पुढे आठवडाभर लंगडत फिरत होता.

"चिनी मातीला तुम्ही काय समजता?" ते मला म्हणाले होते. "खांबावर लावली तर करंट अडवते, अन् घरात ठेवली तर पाव्हणा अडवते."

हा नाद त्यांना सुमनवैनी गेल्यावर लागला. त्या होत्या तोवर चहा कशात येतो इकडे भाऊंचं लक्षही नसे. आता त्यांच्या दोन खोल्यांत चिनी मातीशिवाय दुसरं काही नाही. तपकिरी गळ्याच्या लोणच्याच्या बरण्या, चोच उडालेल्या किटल्या, बंद पडलेल्या हॉटेलांचे जाडजूड कप, जुने पांढरे फ्यूज. झोपायला जागा उरावी म्हणून भाऊ स्वतः बारीक झाले, असं माझं मत आहे. आणि चारी भिंतींवर तारेच्या आकड्यांत अडकवलेल्या बशा. जुन्या, नक्षीदार, देखण्या, पण सगळ्या पाठमोऱ्या! गुलाब भिंतीकडे, बूड आपल्याकडे. त्या घरात शिरलं की अख्खी वरात आपल्यावर रुसून बसल्यासारखं वाटतं.

त्यातून खाली लूमचा कारखाना. लूम सुरू झाले की आमच्या इमारतीत माणसाचे दातही वाजतात. अशा भिंतीवर शहाणा माणूस कॅलेंडरही लावणार नाही. भाऊंनी प्रत्येक बशीमागे लूमची चिंधी कोंबली, तरी बशा दिवसभर किणकिणतात, बायका हळद दळताना बोलत बसाव्यात तशा. शुक्रवारी लूम बंद. बशा गप्प. शुक्रवारी भाऊ घरात थांबत नाहीत. स्कूटर काढतात आणि भंगारवाल्यांकडे, नाहीतर कुणाकडे पंखा बिघडलाय का बघायला निघतात.

भिवंडीच्या रस्त्यांवरून बशी अखंड आणायची म्हणजे गंमत नाही. भाऊ ती शर्टाच्या आत, पोटावर ठेवतात आणि बैलगाडीला लाज वाटेल अशा वेगाने येतात. मला मागे बसवून एकदा कोन गावाहून किटली आणली, तेव्हा आमच्यामागून निघालेली म्हैस आमच्या आधी घरी पोचून, दूध देऊन रवंथ करत बसली होती. प्रत्येक खड्डा त्यांना तोंडपाठ. "शेठ, पाय वर घ्या, आता धाकटा येईल." धाकट्यात ट्रकचं चाक मावायचं.

दाराच्या समोरच्या भिंतीवर एक सेट आहे. त्यातल्या प्रत्येक बशीच्या बुडाला लाल ठिपका. मला वाटायचं, कंपनीचा शिक्का. त्यांच्या मधोमध एक खिळा रिकामा. बाकी घरात बोट ठेवायला जागा नाही आणि हा मोक्याचा खिळा मोकळा! मी एकदा विचारलं, "हा कुणासाठी?"

"एक यायचीय," भाऊ म्हणाले. "तिलाच शोधतोय." आणि विषय बदलला.

मध्यंतरी एका शुक्रवारी त्यांच्या मागे बसून मी राहनाळला गेलो. हिराबाईंचा पंखा आवाज करत होता. पूर्वी त्या आमच्याच आळीत राहायच्या. आता गावात घर, शेताच्या जागेवर गोडाऊन. भाऊंनी पंखा उतरवला, तेल घातलं, पुन्हा चढवला. हिराबाईंनी चहा आणला. भाऊंनी चहा संपवला, मिशी पुसली, बशी उलटली.

ती सरळ करायला विसरले.

मी वाकून पाहिलं. बुडावर लाल ठिपका होता. अर्धा खरवडलेला.

"ही कुठली वो, हिराबाई?" भाऊंचा आवाज एवढा लहान मी कधी ऐकला नव्हता.

"काय म्हाईत. आळीत कुनाच्या तरी हलदीला सगल्यांच्या बश्या जमा केल्यान्, त्यात बदलून आली आसंल. मंग आमी हिकरं आलो. परत कुनाला देनार?" हिराबाई हसल्या. "पन गुनाची हाय बगा. हिच्या संगतीच्या समद्या फुटल्या, ही काय फुटत न्हाय. पाव्हना आला का हिच्यातच चा देतंय."

आता भाऊ बशी मागणार, शर्टात घालणार आणि आम्ही रात्रीपर्यंत घरी पोचणार, हे मी गृहीत धरलं. भाऊंनी अंगठ्याने तो ठिपका पुसला. म्हणजे पुसला नाही, नुसता अंगठा फिरवला. मग बशी सरळ केली आणि पुढे धरली.

"अजून घोटभर हाय का?"

परतताना स्कूटर सुसाट. धाकटा, थोरला, मधला, सगळे खड्डे भाऊंनी सरळ अंगावर घेतले. माझा मणका वाटेतल्या नाक्यावर कुठेतरी पडला असावा. शेवटी मी ओरडलो, "अहो, हळू!"

"पोटावर माल कुठाय?" भाऊ म्हणाले. मग घर येईतो तुटक तुटक बोलत राहिले. "आळीत हळद-बारसं असलं की सुमन अख्खा सेट देऊन टाकायची. स्टीलवर नाव कोरता येतं, बशीवर कसं कोरणार? मग बुडाला नेलपॉलिशचा ठिपका. पोरीच्या लग्नाला आणलेली बाटली, तीच पुरवून पुरवून. मी हसायचो, म्हटलं, बुडाला नटवून बघणार कोण?"

"मग आज घेतली का नाहीत?"

स्कूटर लावून त्यांनी चावी काढली. "भिंतीवर रिटायर झालेल्या लावतात, शेठ. ती अजून ड्युटीवर हाय."

खिळा अजून तसाच आहे. परवा भाऊ आमच्याकडे चहाला आले. चहा संपवला, मिशी पुसली आणि बशी तशीच टेबलावर ठेवली. आमच्या सौ. वाट बघून थकल्या. शेवटी त्यांनीच ती उलटून पाहिली, काही चुकलंय की काय म्हणून.

"शुक्रवारी राहनाळला जातोय," भाऊ उठता उठता म्हणाले. "हिराबाईंचा पंखा परत आवाज करतोय."

तो पंखा मी पाहिलाय. पान हलल्याएवढासुद्धा आवाज येत नाही, असा फिरतो.