भीतीचे पस्तीस गुण

भयपटाच्या पोस्टरने घाबरवावं की नाही, हा प्रश्न कंपनीने फार पूर्वीच निकालात काढला होता. घाबरवणं हे सिनेमाचं काम. पोस्टरने फक्त कळवायचं, की हा भयपट आहे. त्यासाठी प्रसिद्धी विभागाने 'भयदर्शक चिन्हांची तालिका' केली होती. काळी पार्श्वभूमी, पाच गुण. ओघळणारी लाल अक्षरं, दहा. तोंडावर केस सोडलेली बाई, दहा. एक डोळा फुटलेली बाहुली, पाच. पौर्णिमेचा चंद्र, पाच. उत्तीर्ण व्हायला पस्तीस गुण लागत.

आमचा चित्रकार तिथे बावीस वर्षं बायकांच्या तोंडावर केस सोडत होता. शेवटच्या बैठकीत एकही बदल न सुचवता मंजूर झालेल्या पोस्टरवर चित्रकाराची सही छापायची, असा कंपनीचा नियम होता. बावीस वर्षांत सही एकदाही छापली गेली नव्हती. बदल सुचवायचाच नाही तर बैठक कशाला घेतली, असं कोणी विचारलं असतं तर? मरण्याआधी एका तरी भिंतीवर आपली सही दिसावी, एवढीच बिचाऱ्याची इच्छा होती.

नवा सिनेमा मात्र खरोखर भयंकर निघाला. भूत नाही, रक्त नाही. नवरा गेलेली एक बाई, तिचं लख्ख स्वयंपाकघर, भर दुपार, आणि टेबलापासून रोज चार बोटं मागे सरकलेली त्याची खुर्ची. चित्रकार सिनेमा बघून आला आणि दोन दिवस उभ्याने जेवला. मग त्याने पोस्टर केलं. पांढरी भिंत, ऊन, आणि चार बोटं सरकलेली ती खुर्ची.

"अहो, आधी ते पालथं घाला," बायको म्हणाली. "माझं दूध उतू गेलं तिकडे बघता बघता."

चित्रकाराला इतकी दाद आयुष्यात मिळाली नव्हती.

बैठकीत पोस्टर टेबलाच्या टोकाला उभं केलं. प्रसिद्धीप्रमुख बाई बसायला गेल्या, पोस्टरकडे नजर गेली, आणि त्या म्हणाल्या, "उभ्यानेच घेऊ या. लवकर आटोपेल." बाकीचेही उभेच राहिले.

"यात भीती कुठंय?" स्वतःच्या खुर्चीपासून दोन पावलं लांब होत निर्मात्यांनी विचारलं.

"साहेब, मग तुम्ही बसत का नाही?"

"माझी कंबर धरलीय. विषय बदलू नका."

"शून्य गुण," बाई म्हणाल्या. "फर्निचरची जाहिरात वाटतेय. केस कुठायत?"

"सिनेमात तिचे केस बांधलेले आहेत, मॅडम."

"सिनेमात काय आहे ते पोस्टरवर सांगायचं नसतं, हे बावीस वर्षांनी मी शिकवायचं का तुम्हाला?"

पाऊण तास उभं राहून समितीने एकमताने नोंद केली: पोस्टर भीतिदायक नाही.

पुढच्या बैठकीत दुपार काळी झाली आणि अक्षरं लाल होऊन ओघळू लागली. त्याच्या पुढच्या बैठकीत चंद्र आला, मग बाहुली आली, आणि बाहुलीचा फुटका डोळा नीट दिसेना म्हणून दुसराही फोडण्यात आला. शेवटी केस इतके सुटले की खुर्ची त्यांच्यामागे कायमची गडप झाली. आता बदल करायला जागाच उरली नाही, आणि पोस्टर जसंच्या तसं मंजूर झालं. गुण चाळीस, वरचे पाच दुसऱ्या डोळ्याचे.

"अभिनंदन!" बाई प्रेमाने म्हणाल्या. "सही द्या तुमची."

चित्रकाराने सही दिली, पण त्याचं डोकंच फिरलं. गाढवं आहेत सगळी, त्याने मनाशी म्हटलं. समितीला नाही कळत, पण प्रेक्षकाला कळतं! प्रेक्षक काही खुळा नाही. त्याने घरी जपून ठेवलेल्या खुर्चीच्या मूळ पोस्टरवर झोकात सही केली आणि प्रदर्शनाच्या दिवशी सकाळीच ते एका थिएटरच्या तिकीटखिडकीशेजारी स्वतःच्या हाताने चिकटवलं.

दुपारी व्यवस्थापकाचा फोन आला. "ताबडतोब या. लोक भांडताहेत."

चित्रकार धावत गेला. रांग पोस्टरपासून हातभर लांबून वळसा घालून उभी होती. रांगेतला तिसरा माणूस तावातावाने बोलत होता.

"हे काय लावलंय? अंगावर काटा आला! आम्ही भयपटाला आलोय, घाबरायला नाही. केसवाली बाई असती, तर निदान कळलं असतं काय मिळणार ते."

"अगदी बरोबर," मागून दहा-बारा जण म्हणाले.

व्यवस्थापकाने चित्रकाराच्या हातात खरवडणी दिली. त्याने आधी खुर्ची खरवडली आणि सगळ्यात शेवटी सही. मग तिथे चाळीस गुणांचं पोस्टर लागलं. बाहुलीच्या पायाशी तीच सही छापलेली होती, ठसठशीत. रांग हसत-खिदळत पुढे सरकली, कोणी बाहुलीबरोबर फोटो काढले.

समितीवर इतका वेळ तुम्ही मनसोक्त हसलात, ते ठीक आहे. पण रांगेतल्या त्या तिसऱ्या माणसाचा चेहरा चित्रकाराला पक्का लक्षात आहे. तुम्हाला बघितलं तर चित्रकार लगेच ओळखेल.