एकाच दाण्यावरची रेघ

हारिमला गणिताच्या क्लासमधून काढायचं, हे मी कांदा चिरताना ठरवलं. (माझे सगळे मोठे निर्णय कांदा चिरतानाच होतात. डोळ्यांत पाणी असतं, त्यामुळे खूप विचार केल्यासारखं दिसतं.)

पोरगी आठवीत. शाळेतून थेट क्लासला, तिथून थेट अंथरुणात. बॅडमिंटनची रॅकेट दाराआड धूळ खात पडलेली.

"रेघांचे आलेखच ना? मी शिकवते," मी म्हटलं.

"मार्क उतरले तर परत क्लास," नवरा म्हणाला. "मग रॅकेट विसरायची."

ऑपरेशनच्या टेबलावरून डॉक्टरकडे बघतात ना, तसं हारिमने माझ्याकडे बघितलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी नूडल्स लाटायचा पाट घेतला, त्यावर पीठ पसरलं आणि बोटाने आडवा-उभा अक्ष ओढला.

"कोष्टक मांडून ठिपके काढायचे, ही एक पद्धत. चढ बघून रेघ ओढायची, ही दुसरी. आपण दोन्ही सोडायच्या. रेघ दोन्ही अक्षांना जिथे छेदते तिथे चवळीचा एकेक दाणा ठेवायचा, वर चॉपस्टिक टाकायची. झाला आलेख."

"दर वेळी?"

"दर वेळी."

य बरोबर दोन क्ष वजा चार. दोन दाणे, वर स्टीलची चॉपस्टिक. सासूबाईंनीसुद्धा मान डोलावली. मग हारिमने पुढचं गणित हळूच सरकवलं. य बरोबर दोन क्ष.

पहिला दाणा मधोमध, शून्यावर. दुसराही तिथेच.

"आई, एकच दाणा झाला."

"दिसतंय मला."

"मग काठी कुठल्या बाजूला?"

काठी दाण्यावर गरगर फिरत होती. "जिकडे शोभेल तिकडे," मी गंभीरपणे म्हटलं. पण ती राहीना. शेजारीच चिकट मिठाईचा तुकडा होता. मी तो गरम केला आणि त्याने काठी पाटाला पक्की बसवली.

"अगं हारिमच्या आई!" सासूबाई ओरडल्या. "परीक्षेला जाताना खायची मिठाई ती! पोट्टी पेपराला चिकटून राहावी म्हणून आणलेली! काठीला लावलीस?"

"काठी घसरत होती हो."

"आता पोरगी घसरेल!"

सकाळी हारिम मिठाईशिवायच गेली. (परीक्षेच्या दिवशी निसरड्या शेवाळाचं सूप प्यायलं की मार्कही घसरतात म्हणतात. ते मी केलं नव्हतं. तेवढी अक्कल होती.)

पेपरात नेमकी शून्यातून जाणारी रेघ आली. योग्य पद्धत निवडा, कारण लिहा. हारिमने चढ निवडला. कारण लिहिलं: "दोन्ही अक्षांवरचा बिंदू एकच. एका बिंदूवर रेघ हवी तशी फिरते, हे घरी बघितलं आहे. मिठाईने चिकटवली तर राहते, पण परीक्षेत मिठाई आणू देत नाहीत."

बाईंनी पूर्ण मार्क दिले. शिवाय वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं.

"बघितलंत?" मी सासूबाईंना म्हटलं. "माझी शिकवणी!"

"क्लास कायमचा बंद," नवऱ्याने जाहीर केलं.

हारिमने रॅकेट उचलली, दारात थांबली. "आई, बाबांची एक अट आहे."

"सांग की."

"यापुढे गणितात तू मदत करायची नाहीस."

मी मान डोलावली आणि पाटाला चिकटलेली काठी सोडवायला बसले. (ती काही हलली नाही. जिकडे शोभेल म्हटलं होतं, अगदी तिकडेच.)