कर्नलचं यंत्र, मेजरचं यंत्र आणि डबाभर हळद

"गालिचा साफ करावा तर आमच्या कर्नलसाहेबाच्या यंत्रानं! बाकीची यंत्रं म्हंजे दांडा लावलेली डबडी!"

ख्रिस्ती देवळाच्या पायरीवर उभं राहून शांतवन बटलरनं हे जाहीर केलं, तेव्हा त्याच्या लेकीचं, दीनाचं लग्न दुसऱ्या दिवसावर आलं होतं. शहाण्या बापानं अशा वेळी मांडवाचं बघावं, तोंड आवरावं. पण शांतवननं उभा जन्म साहेबाच्या बंगल्यावर 'येस सर' म्हणण्यात घालवला होता. पोटात साठलेलं सगळं बोलणं तो आता बाहेर काढत होता.

सत्तेचाळीस साल उजाडलं तसे भिंगार कॅम्पातले साहेब लोक बोटीच्या वाटेला लागले. जाताना कुणी नोकराला खुर्ची दिली, कुणी कुत्रं दिलं. शांतवनला त्याच्या कर्नलनं विजेवर चालणारं, धूळ ओढणारं यंत्र दिलं. खाली पेटी, तिला उभा दांडा आणि दांड्याला लटकलेली कापडी पिशवी. धूळ पेटीतून पिशवीत जायची. आता मौज अशी, की दीनाचा होणारा सासरा फिलिप, तोही बटलरच! त्यालाही त्याच्या मेजरनं तसलंच यंत्र दिलं. दोघांच्याही घरात रॉकेलच्या चिमण्या! वीज होती ती देवळात. म्हणून दोघांनीही आपापलं यंत्र देवळाला द्यायचं ठरवलं.

देवळाच्या पाळकसाहेबांनी डोकं खाजवलं. गालिचा एक आणि यंत्रं दोन!

"एकच ठेवू," ते म्हणाले. "जे गालिचा चांगला साफ करील आणि जास्त टिकेल, ते. देणाऱ्याचं नाव उद्या लग्नात सगळ्यांसमोर वाचू."

इथंच माशी शिंकली. सगळ्यांसमोर नाव म्हटल्यावर दोन्ही व्याही इरेला पेटले.

"व्याहीबुवा, माझं यंत्र क्वेट्ट्याला उंटावरनं पडलंय," शांतवन म्हणाला. "उंट लंगडा झाला, यंत्राला वरखडा न्हाई!"

"आमचं जिन्यावरनं पडलं हुतं," फिलिप म्हणाला. "मेजरसाहेबानं जिना नवा बसवला!"

सामना सुरू व्हायचा, तर गालिच्यावर धूळच नाही! फिलिपची थोरली बहीण गोजरबाई हिनं सकाळीच तो लाल गालिचा अंगणात टाकून काठीनं बदडून काढला होता. गोजरबाईचा हात फिरला की धूळच काय, रंगही जायचा.

"धूळ कुनीबी उचलंल," फिलिपनं मिशीवर ताव दिला. "हळद उचलून दावा!"

संध्याकाळच्या हळदीसाठी गोजरबाईनं दळून आणलेला डबा तिथंच बाकावर होता. पाळकसाहेब "अहो, अहो" म्हणेपर्यंत डबा गालिच्यावर उपडा झाला. निम्मी हळद शांतवनच्या बाजूला, निम्मी फिलिपच्या.

वीज जोडायला नवरदेव दानीएल आला होता. बापाला चहा द्यायच्या निमित्तानं दीना आली होती. दोघं बटणाजवळ उभं राहून हळूच काहीतरी बोलत होती, आणि ते काही यंत्राविषयी नव्हतं.

आधी शांतवन. घर्रर्र! यंत्र फिरलं आणि हळद गडप! गालिचा पुन्हा लालभडक! शांतवननं असा कोट झटकला, की जणू विलायत जिंकून आला होता.

मग फिलिप. त्यानं आपलं यंत्र ओढलं. ते आज भलतंच हलकं लागलं. "बगा, कसं फुलावानी चालतंय!" असं म्हणून त्यानं खूण केली आणि दानीएलनं बटण दाबलं.

हळद आत गेली खरी; पण दांड्याला पिशवीच नव्हती! पुढून शिरलेली हळद मागून भस्सकन बाहेर! फिलिप पिवळा, पाळकसाहेबांची पांढरी दाढी पिवळी आणि बटणाजवळची दोघं तर डोक्यापासून पायापर्यंत पिवळीधमक!

"माजी पिशवी!" फिलिप शिंकत ओरडला. "पिशवी चोरली! ह्यानंच चोरली!"

"मी? तुजी मळकी झोळी मी कशाला चोरू?"

"मग हे घे!" म्हणत फिलिपनं कर्नलच्या यंत्राला लाथ हाणली. यंत्र जागचं हललं नाही. फिलिप मात्र अंगठा धरून एका पायावर नाचायला लागला.

अशा वेळी माणसानं पाणी आणावं. पण शांतवन आनंदानं ओरडला, "बगा पाळकसाहेब! टिकाऊ!"

"सोयरीक मोडली!" फिलिप गरजला.

"मोडली तर मोडली! लई बघितल्यात असल्या सोयरिकी!"

बोलून गेला आणि शांतवननं दीनाकडं पाहिलं. तिच्या पिवळ्या गालांवरून पाण्याच्या दोन रेघा खाली आल्या होत्या. ह्या पोरीचं लग्न व्हावं म्हणून तो सहा महिने देवाच्या मागं लागला होता, आणि आता एका डबड्यापायी! पण तोंडातून गेलेला शब्द आणि यंत्रातून गेलेली हळद, दोन्ही काही परत पिशवीत जात नाहीत. तो नुसता कोटाची बटणं चाचपत राहिला.

तेवढ्यात गोजरबाई दारात उभी राहिली. हातात ओली, पिळलेली, स्वच्छ पिशवी!

"कुनी चोरली न्हाई. मी धुतली. लग्नाच्या घरची वस्तू अन् पोटात ह्ये येवढी घान!" मग तिनं रिकामा डबा पाहिला, गालिचा पाहिला, माणसं पाहिली. "देवळात हाय म्हनून शिव्या देत न्हाई, पन मनात चालूच हायेत!"

"अक्का, सोयरीक मोडली," फिलिप एका पायावरून म्हणाला.

"कशी मोडंल? पोरांकडं बघ जरा! एका डब्याची हळद, एका येळेला, ती बी पाळकसाहेबांच्या म्होरं! नवऱ्याची उष्टी हळद नवरीकडं न्यायचा हेलपाटा बी वाचला. हळद लागलेली पोरगी माघारी जात न्हाई. लगीन उद्या व्हनार!"

असा हुकूम कर्नललाही जमला नसता. शांतवननं तर डोळे मिटून देवाचे आभार मानले, आणि हात पुढं करून व्याह्याला बाकावर बसवलं.

दुसऱ्या दिवशी देऊळ भरलं. निम्म्या पिवळ्या गालिच्यावरून नवरी आली. फिलिप लंगडत आला. पाळकसाहेबांनी पिवळी दाढी सावरून विचारलं, "ह्या विवाहाला कोणाची हरकत असेल, तर त्यानं आत्ताच बोलावं!"

आणि शांतवन उभा राहिला!

दीनानं वळून बापाकडं पाहिलं.

"लग्नाला हरकत न्हाई साहेब," तो म्हणाला. "पन ते नाव वाचायचं ऱ्हायलं. हळद माझ्याच यंत्रानं उचलली हुती."

फिलिपही ताडकन उठला, "पिशवी असती तर..."

"बसा दोघं बी!" मागून गोजरबाईचा आवाज आला. "न्हाईतर दुसऱ्या यंत्राची बी पिशवी धुवून काढीन!"

दोघेही मुकाट्यानं खाली बसले.