खंडू साळिंदराचा शेगडा

बाळांनो, एका जंगलात भंगाराचं एक सरकारी खातं होतं. वाघ-सिंह ही मंडळी मागून आली असावीत. खातं आधीपासूनच होतं.

त्या जंगलात खंडू नावाचा साळिंदर सुतारकाम करी. एकदा त्याचा डावा पंजा फासात सापडला आणि कायमचा लुळा पडला. आता उजव्याने करवत चालवायची, तर लाकूड धरायचं कशाने? पोटाने दाबून पाहिलं, तर पोट सोललं. गिऱ्हाइकं हळूहळू सुतारपक्ष्याकडे वळली. हातचं काम जातंय म्हणून खंडू पार खचला.

त्याला हवा होता शेगडा, म्हणजे लाकूड घट्ट आवळून धरणारा जबडा. ओढ्याकाठी वीस पावसाळे भंगार सडत पडलं होतं. त्यातून त्याने मोडक्या जॅकचा आट्यांचा दांडा उचलला, तुटक्या दाराच्या सागवानी फळ्या उचलल्या, मुठीला खाटेचा खूर घेतला. महिनाभर एका पंजाने गंज घासला, तेल पाजलं. मग दांडा फिरवला. लाकूड असं गच्च बसलं की खंडूच्या डोळ्यांत पाणी आलं.

पहिला पाळणा सशिणीच्या घरी गेला. त्याचा बोलबाला झाला, आणि चौथ्या दिवशी भंगार खात्याच्या घोरपडबाई दारात उभ्या. घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही, म्हणूनच तिला खात्यात घेतलेलं.

"हा माल तुम्ही उचललात?"

"बाई, सडत पडला होता. कुणाचाच नव्हता."

"सडत होता तोवर कुणाचाच नव्हता. आता कामाचा झाला, म्हणजे सरकारी झाला."

"मग मी लाकूड कशाने धरू? माझा एक पंजा गेलाय."

"लुळ्यांसाठी शेगडा योजना आहे ना," बाई मायेने म्हणाल्या. "अर्ज करा. फक्त अर्ज साहेबांना दोन्ही पंजांनी द्यायचा. एका पंजाने दिलेला उद्धट दिसतो."

शेगडा सुटा झाला. दांडा ओढ्यात गेला, फळ्या चिखलात, खूर होता तिथे. घासलेला गंज परत यावा म्हणून रोज पाणी मारायला एक माकड नेमलं. खंडू पुन्हा पोटाशी फळी दाबून बसला. त्याची दया कुणालाही आली असती, पण खात्यात दयेचा छापील फॉर्म नव्हता.

वर्षअखेरीस घोरपडबाईंचा सत्कार झाला. त्यांच्या अहवालात एकच ओळ होती: "माल जागेवर. गंज समाधानकारक."

तात्पर्य: टाकाऊतून टिकाऊ करावं, असं तुम्हाला शाळेत शिकवतात. ते शाळेतच करावं. बाहेर जे टाकाऊ दिसतं, ते कुणीतरी फार मेहनतीने टाकाऊ ठेवलेलं असतं.