नदीसरकारची स्वारी आणि मागली भिंत

श्रीगजवदन प्रसन्न. कुलस्वामिनी समर्थ. नदीमाउली उदंड. शके एकोणीसशे त्रेचाळीस, प्लवनाम संवत्सरे, आषाढ वद्य पक्षी काठावरील राज्यात जे वर्तमान जाहले त्याविषयी साहेबी विचारणा केली की, "पाण्यात बुडालेले घर पारखी येण्यापूर्वीच आरशासारखे लख्ख जाहले, आणि लख्ख होऊनही बुडालेलेच ठरले, हे कैसे?" तरी जैसे वडीलधाऱ्यांचे मुखे ऐकिले तैसे लिहितो. पदरचे मीठ घालावे, तो या गोष्टीस मुळातच चव आहे.

त्या राज्यास नाव नाही. राजा म्हणावा तर एकच, नदीसरकार. बाकी ऊसवाले, दूधवाले, दुकानदार, मास्तर सर्व मांडलिक. त्यांत रंगराव म्हणून एक गृहस्थ, सोसायटीच्या नोकरीतून निवृत्त, आणि त्यांचे कुटुंब तुळसाक्का. दौलत ती किती? सोपा, माजघर, स्वयंपाकघर, वर माळा, आणि मागे परड्याच्या अंगाची मातीची जाड भिंत. चौथरा उंच, म्हणून रंगरावांस अभिमान थोर. म्हणत, "गाव बुडंल, पर माझा उंबरा भिजायचा न्हाई." ऐसे बोल नदीसरकारच्या कानी पडू नयेत, ते पडले.

मग आषाढात धरणाचे दरवाजे उघडले आणि नदीसरकारची स्वारी निघाली. काय ते वैभव वर्णावे! उगवतीस पाहावे तो पाणी, मावळतीस पाहावे तो पाणी, मधे देवळाचा कळस तेवढा आपले निशाण धरून उभा. आवाज म्हणावा तर नाही, आणि नाही म्हणावे तर जमिनीतून छातीत उमटे. गवताच्या गंजी तरंगत चालल्या, त्यांवर कोंबड्या पालखीत बसल्याप्रमाणे बसल्या. रंगराव सोप्यात उभे होते ते पाणी पहिल्या पायरीस लागताच मागे सरले. आणि तुळसाक्कांनी काय करावे? त्या राज्याची रीत ऐसी की, नदी दारी आली म्हणजे माहेरवाशीण आली, तिची ओटी भरावी, आणि पाणी जेथवर टेकले तेथे भिंतीस हळदकुंकू लावावे. सबब अक्कांनी खण, नारळ, तांदूळ पाण्यात सोडिले, पायरीस बोट टेकिले आणि म्हणाल्या, "माये, आलीस तशी सुखानं परत जा गं." तो माय पुढेच आली. उंबऱ्यास कुंकू लावावे तो उंबरा बुडाला. भिंतीस लावावे तो नदी आपले कुंकू आपण पुसून घेई आणि वर चढे. मग उभयता माळ्यावर चढली, आणि अक्कांनी शिडीवरून वाकून, हात लांबवून, माजघराच्या भिंतीस शेवटले बोट टेकिले. त्या बोटापाशी पाणी थबकले. अक्का घाबरल्या होत्या हे खरे, परंतु हात जोडिले ते भयाने नव्हे. एवढे थोर कोणी आपल्या घरी येऊन आपले ऐकते, याचे नवल त्यांस वाटले. पुढे नाव आली आणि माळ्याच्या खिडकीतून उभयतांस शाळेत घेऊन गेली.

पाणी ओसरले, स्वारी परतली, आणि घरी येऊन पाहतात तो मागली भिंत जमीनदोस्त. जेथे भिंत होती तेथून परडे दिसे, त्यापलीकडे नदी दिसे, आणि ती ऐसी निमूट वाहे की जणू काही केलेच नाही. तेव्हा रंगराव मटकन बसले आणि बोलले, "आता बास झालं. विम्यानं भिंत उभी केली तर ऱ्हाऊ. न्हाईतर लेकाकडं शहरात. तिथं ढगाच्या शेजारी घर हाय, तिथं नदी यायची न्हाई." अक्का परड्याकडे पाहत राहिल्या. त्या काठी त्या लग्न होऊन आल्या, आणि त्या पाण्याकडे पाहिल्यावाचून त्यांनी चहाचा घोट कधी घेतला नव्हता. ढगाशेजारी कोणाची ओटी भरावी? तेव्हा भिंत उभी राहणे म्हणजे अक्कांचा प्राण उभा राहणे, ऐसे जाणावे.

आता विमा लेकाने कधीकाळी उतरला होता. त्याने फोनवरून बजाविले की, "सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत कशाला हात लावू नका, फक्त फोटो काढा." रंगरावांनी आज्ञा शिरसावंद्य मानिली आणि फोटो काढिले. परंतु त्या राज्यात फोटो काढणे म्हणजे माणूस मधोमध उभा करणे. सबब पडलेल्या भिंतीपुढे अक्का उभ्या, डोईवर पदर, केस चोपून. फुगलेल्या कपाटापुढे अक्का. चिखलाने भरलेल्या कोठीपुढे अक्का आणि शेजारीण हौसाबाई, उभयता हसतमुख. सर्व फोटोंत अक्का उत्तम आल्या, नुकसान एकातही आले नाही. लेक फोन करून कपाळ बडवीत राहिला.

मग निरोप आला की विमा दरबारचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीचा पारखी, दुसरे दिवशी येतो. रस्ता खचला होता, म्हणून रंगराव सकाळीच तिठ्यावर त्यास आणावयास गेले. इकडे अक्का एकट्या सोप्यात उभ्या राहून घर पाहू लागल्या. गुडघाभर चिखल, कुजका वास, आणि दरबारचा माणूस पहिल्यांदा उंबरा ओलांडणार! लेकाचे बोल एकीकडे आणि सासूने लावलेले वळण एकीकडे. शेवटी वळण जिंकले. हाक मारिली, "हौसा, खराटा घिऊन ये. पावना यायचाय." मग काय विचारता! हौसाबाई आली, आळीतल्या बायका आल्या, चिखल उपसला, दगड परड्यात एकावर एक रचिले, फुगलेले कपाट बाहेर टाकिले, पडक्या जागी इरकल लुगड्याचा पडदा बांधिला, फरशी घासली, भिंतींस चुना मारिला आणि दारी रांगोळी काढिली. चुना मारता मारता हौसाबाईचा कुंचला माजघराच्या त्या कुंकवापाशी आला. फरशी घासणाऱ्या अक्का खालूनच ओरडल्या, "तिथं हात लावू नगंस! कुकवाखाली चुना न्हाई मारायचा. मायेला वाहिलेलं हाय ते." हौसाबाई म्हणाली, "एवढा पट्टा तेवढा घाण दिसतुया की!" अक्का म्हणाल्या, "दिसू दे." सबब कुंकवाखाली भुईपर्यंत हातभर रुंद पट्टा चिखलाचा तैसाच राहिला.

इतक्यात पारखी आले. नाव लोहोकरे, वय तरुण, पायांत गमबूट. वाटेत रंगरावांनी त्यांस घराची दैना ऐसी वर्णिली होती की त्यांनी नाकास रुमाल बांधिला होता. दारी रांगोळी पाहून त्यांनी बूट काढिले, आत लख्ख फरशी पाहून रुमाल सोडिला, आणि रंगराव तो उंबऱ्यातच खांबासारखे उभे. लोहोकरे हळूच म्हणाले, "काका, घर छान आहे. पाणी नेमकं कुठं शिरलं होतं?" रंगरावांनी पडद्याकडे बोट दाखविले. लोहोकरे पडदा सारून पाहू लागले आणि म्हणाले, "भिंत पडली आहे खरी. पण पाण्यानं पडली की जुनी म्हणून पडली? चौथरा एवढा उंच. आत पाण्याचा डाग नाही, गाळ नाही. मी काय बघितलं म्हणून सांगू?" तेव्हा अक्का चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनी कपबशी पुढे ठेविली. म्हणाल्या, "चूक माझी हाय दादा. लेकानं सांगितलं हुतं हात लावू नगा म्हनून. पर तुमी पयल्यांदा येनार, आन् घरात बसायला जागा न्हाई... मला न्हाई बघवलं." रंगराव चिडावयाचे ते चिडले नाहीत. अक्कांकडे पाहून एवढेच बोलले, "चला, सामान बांधू."

लोहोकरे यांनी मान खाली घालून चहा घेतला, कारण नाही म्हणवेना. घोट घेता घेता नजर माजघरात गेली, आणि पुसले, "तो पट्टा कसला?" अक्कांनी पायरीपासून माळ्यापर्यंतची सर्व हकीकत सांगितली. लोहोकरे कप ठेवून उठले, स्टुलावर चढले, चिखलावर नख ओढले. थरावर थर, बारीक, चिकट, खास नदीचा गाळ. आणि जेथे गाळ संपे तेथेच कुंकू. मग हौसाबाईच्या घरी गेले, तिच्या सासूने लावलेले बोट पाहिले. समोरच्या घरी गेले, तेथेही पाहिले. एका घरी गणपतीच्या कोनाड्याशी, दुसऱ्या घरी तुळईशी, परंतु आळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सर्व कुंकवे एका ओळीत, जणू एकाच हाताने दोरी धरून लाविली. लोहोकरे यांनी पुष्कळ पूर पाहिले होते. परंतु ते परतले तेव्हा अनवाणीच होते, बूट दारी विसरले होते.

मग फोटो काढावयास त्यांनी मोबाइल उचलला, तो अक्का सवयीने पदर सावरून भिंतीपुढे जाऊन उभ्या! रंगराव गरजले, "अगं बाजूला हो! आयुष्यभर मधे मधे उभी ऱ्हातीस!" अक्का ओशाळून सरू लागल्या, तो लोहोकरे म्हणाले, "राहू दे काका. मावशी, तिथंच थांबा. तुम्ही नसाल तर पाणी किती होतं ते कळायचं नाही. आता वर बघा." अक्कांनी मान वर केली. बोट त्यांनी माळ्यावरून वाकून लाविले होते, त्याच्या पायाशी उभे राहून कधी पाहिलेच नव्हते. कुंकू त्यांच्या डोईच्या वर, चौकटीच्याही वर, हात उंचावला तरी न पुरे ऐसे. त्या तेवढ्या पाण्याखाली उभ्या होत्या. कोणी हसा म्हणाले नाही, आणि त्या हसल्याही नाहीत. केवळ दोन्ही हात आपोआप जोडले गेले. तोच फोटो दरबारी गेला.

पुढे विम्याचे पैसे आले आणि भिंत उभी राहिली, विटांची, पक्की. आणि अक्कांच्या हट्टाने तीस नदीकडे एक खिडकी. सामान बांधले नाही. चौथऱ्याची बढाई रंगरावांनी पुन्हा केली नाही. दिवाळीस चुना मारितात तेव्हा तो पट्टा स्वतः उभे राहून राखितात. तात्पर्य इतकेच की, थोर कोणी दारी आले, तर ते कोठवर आले हे ध्यानी ठेवावे. विचारिले तितके निवेदिले, लेखणी ठेविली.