पोस्टमास्तरांचा शिक्का

सोनोग्राफीसाठी लिटरभर पाणी पिऊन आलेल्या निवृत्त पोस्टमास्तरांना इस्पितळात बसायला जागा मिळेना. बाक सगळे भरलेले. रिकामी होती ती फक्त चौकशीच्या खिडकीमागची खुर्ची.

"अहो, ती तिथल्या बाईंची आहे," बायको म्हणाली.

"त्या आल्या की उठेन. उभं राहिलं की पाणी जोर करतं," म्हणत पोस्टमास्तर बसले.

बसायचाच अवकाश, खिडकीत एक आजोबा हजर. "साहेब, साखर तपासायची आहे. चहा चालेल?"

टेबलावर रुग्णांसाठीचं माहितीपत्रक होतंच. पोस्टमास्तरांनी वाचून खणखणीत सांगितलं, "उपाशीपोटीची आहे ना? मग नुसतं पाणी. खोली चार." आणि पस्तीस वर्षांच्या सवयीनं समोरचा शिक्का उचलून आजोबांच्या कागदावर धाडकन हाणला. शिक्क्यावर काय लिहिलंय ते बघायची सवय त्यांना कधीच नव्हती.

आजोबा खूश. त्यांच्या मागे रांग लागली. "एक्स-रे? गळ्यातली साखळी काढून ठेवा. खोली सात!" धाड! "घुसू नका हो, एकेकानं या!" धाड! रंगात येऊन त्यांनी स्वतःच्या कागदावरही एक उमटवला.

पंधरा मिनिटांत सगळी रांग उलटी फिरली. "अहो साहेब, रक्त घेतलंच नाही, आणि आत म्हणतात तुमचं झालं!"

तेवढ्यात चौकशीच्या बाई आल्या. कागद बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "काका, हा 'तपासणी पूर्ण'चा शिक्का आहे! रिपोर्ट देताना मारायचा!"

"घाबरू नका. चूक माझी, निस्तरतो मीच." पोस्टमास्तरांनी पेन काढलं. बावीस कागदांवर 'शिक्का रद्द' लिहून खाली बाईंची सही घेतली. एकेका कागदागणिक त्यांची बसण्याची ढब बदलत होती. शेवटी शेवटी तर ते पायाला पायाची अढी घालून लिहीत होते.

"अहो, तुमचा नंबर!" बायको ओरडली. पोस्टमास्तर धावत सुटले.

सोनोग्राफीच्या दारातल्या नर्सनं त्यांचा कागद शांतपणे न्याहाळला. "काका, तुमची तर झालीय."

"झाली नाही, बाई," पोस्टमास्तर दाराची चौकट घट्ट धरून म्हणाले, "पण आणखी दोन मिनिटं अडवलंत, तर इथेच होईल!"