कुशाबांचं मुकं बाथरूम

लालबागच्या चाळीचा टॉवर झाला आणि कुशाबा परबांना वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी स्वतःचं बाथरूम मिळालं. घरही मिळालं होतं, पण त्याचं त्यांना एवढं काही वाटलं नाही. पाहुणा आला की हॉल, किचन, बाल्कनी ते भराभर उरकत आणि बाथरूमपाशी येऊन थांबत. "बाहेर लाइन नाय," एवढंच सांगत. त्यात काय मोठंसं, ते पाहुण्याला कळत नसे.

कळायला त्यांची चाळ माहीत हवी. चौतीस बिऱ्हाडं, टोकाला चार संडास आणि एकाचीही कडी धड नाही. तिथे कडीचं काम घसा करी. बाहेरच्याने खाकरायचं, आतल्याने उलट खाकरायचं. आतून उत्तर नाही आलं तर खुशाल दार ढकलायचं. सगळा जन्म या शिस्तीत गेलेल्या कुशाबांना टॉवरमध्ये चकचकीत स्टीलची कडी मिळाली. ती ते रोज पुसत, लावत मात्र नसत. आत बसून दर मिनिटाला खाकरत. दार थेट हॉलमध्ये उघडत असल्यामुळे टीव्हीवरच्या बातम्या कोणाला धड ऐकायला मिळत नसत.

तेही चाललं असतं, पण मुलीचं, दर्शनाचं लग्न जमत आलं. मुलगा निमेश, तिच्याच ऑफिसातला, राहणार वरळी. रविवारी त्याचे आईवडील पहिल्यांदाच घरी येणार होते. दर्शनाने चार दिवस शब्द जुळवले आणि शेवटी सांगून टाकलं, "बाबा, ते असतील तेवढा वेळ तुम्ही बाथरूमला जाऊ नका ना. निमेशचे पप्पा फार शिस्तीचे आहेत. त्यांचं मन फिरलं तर सगळंच राहील."

कुशाबांना ते फार लागलं. ज्या बाथरूमसाठी आयुष्यभर वाट पाहिली, तिथेच बंदी. शिवाय त्यांना साखरेचा त्रास, दोन तास कळ काढणं हातातलं नव्हतं. पण पोरीचं लग्न आपल्या घशापायी मोडलं असं व्हायला नको होतं. त्यांनी दौलतला बोलावलं. दौलत चाळीतला जुना शेजारी, सुतार. हल्ली तो गाणी रेकॉर्ड करायच्या स्टुडिओंचे दरवाजे बनवी.

दौलतने तीन दिवस ठोकाठोक केली. चार बोटं जाडीचा दरवाजा, चौकटीला चहूबाजूंनी रबर, खाली फटीला पट्टी. चौथ्या दिवशी कुशाबांनी आत जाऊन बादली बडवली आणि दोन आरत्या म्हटल्या. बाहेर भाजी निवडत बसलेल्या त्यांच्या बायकोला, रखमाबाईंना, चकार शब्द ऐकू आला नाही.

"आता तुमी आत पडलास तरी माका कळूचा नाय," त्या म्हणाल्या.

कुशाबांनी ती तारीफ समजली. शनिवारपर्यंत तीन मजल्यांवरच्या लोकांना बोलावून त्यांनी बादली बडवून दाखवली. अख्ख्या लालबागात असं बाथरूम नाही, हे ते इतक्यांदा म्हणाले की लोकांनाही खरं वाटू लागलं.

रविवारी निमेशसह मंडळी आली. निमेशचे वडील विठोबा उंच, कडक इस्त्रीचे आणि मोजकं बोलणारे. आई गुणवंती हसतमुख. घावणे झाले, चहा झाला. दर्शना सगळ्यांना बाल्कनीत समोरचा पूल दाखवायला घेऊन गेली, तेव्हा कुशाबा ताठ मानेने आपल्या बाथरूममध्ये शिरले. कडी नेहमीप्रमाणे लावली नाही. निर्धास्तपणे, पोटभर खाकरत राहिले.

बाल्कनीतून विठोबा आत आले. त्यांनी निमेशला हळूच विचारलं, निमेशने दार दाखवलं. दारापाशी उभं राहून विठोबा खाकरले. थांबले. पुन्हा खाकरले. आतून उत्तर नाही. तेव्हा त्यांनी दार ढकललं.

पुढचं दृश्य सांगण्यासारखं नाही. दार लगेच बंद झालं, एवढं सांगता येईल. थोड्या वेळाने कुशाबा बाहेर आले, तेव्हा हॉलमध्ये सगळे आपापल्या पायांकडे बघत होते आणि दर्शनाचे डोळे भरले होते.

विठोबांनी घसा साफ केला. "मी दोनदा खाकरलो," ते म्हणाले.

"मी तर सारखो खाकरतच होतंय," कुशाबा कळवळून म्हणाले.

विठोबा एक पाऊल पुढे आले. मग त्यांनी विचारलं, "कुठली चाळ?"

कुशाबांनी सांगितली. विठोबांचा चेहरा उजळला. "आम्ही बीडीडी चाळीतले. कडी आमच्याकडे पण नव्हती. चाळीस वर्षांत असा प्रसंग नाही आला हो."

"मीच पप्पांना सांगितलेलं," निमेश खाली मान घालून दर्शनाला म्हणाला, "की टॉवरवाल्यांकडे जोरात खाकरू नका."

मग काय विचारता. कोणाच्या चाळीत किती मोठी लाइन आणि कोणाचं खाकरणं तीन मजल्यांवर ओळखू यायचं, यावर दोघांची चढाओढ लागली. विठोबांना दरवाजाची करामत पटेना, म्हणून कुशाबा त्यांना हाताला धरून आत घेऊन गेले आणि दार लावून घेतलं. दोघे वीस मिनिटं बाहेर आले नाहीत.

आले ते खांद्यावर हात टाकूनच. "ठरला," कुशाबा छाती काढून म्हणाले. "बावीस नोव्हेंबर. हॉल लालबागचो, जेवण आमचा."

"बावीसला माझ्या भाचीचं लग्न आहे," गुणवंती म्हणाल्या. "आम्ही दोघींनी सहा डिसेंबर पक्का केला. हॉल वरळीचा. मी फोन करून बुकपण केला."

"आमका विचारलात नाय ता?" कुशाबा म्हणाले.

"दहा येळा हाका मारलंय," रखमाबाई म्हणाल्या. "दार पण बडवलंय."

कुशाबांचा चेहरा हळूहळू खुलत गेला. चाळीत रखमाबाईंची हाक रस्त्यापलीकडच्या मसाल्याच्या गिरणीपर्यंत जाई, हे सगळ्या लालबागला ठाऊक होतं.

"बघितलात?" ते व्याह्यांना अभिमानाने म्हणाले. "एक अक्षर आत येऊक नाय."